६७ गुण झाले म्हणजे पीआर झाला का? गुणपद्धतीत क्रमांक कसा लागतो

प्रश्न असा आहे: वय २९, अविवाहित, नागपूर विद्यापीठाची बी.ई., मिहानमधल्या कंपनीत सॉफ्टवेअरचा ३ वर्षांचा अनुभव. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. सीताबर्डीतल्या एका कन्सल्टंटने सांगितलं, "कॅनडाला ६७ लागतात, तुमचे होऊन जातील." पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, ते ६७ म्हणजे नेमकं काय, सीआरएसचे (उमेदवारांचा क्रम लावणाऱ्या पद्धतीचे) चारशे-पाचशे गुण कुठून येतात आणि नंबर वर न्यायचा तर कशावर मेहनत घ्यायची?

हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि ते एकात एक मिसळल्यामुळेच सगळा घोळ होतो. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा फॉर्म भरायला पीसीएमचे किमान टक्के लागतात. फॉर्म भरता आला म्हणून चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंच असं नाही, ते मेरिट लिस्टवरचा नंबर आणि जागा ठरवतात. कॅनडाचे ६७ म्हणजे तो फॉर्म भरण्याची पात्रता. सीआरएस म्हणजे मेरिट लिस्ट. ६७ झालेला माणूस फक्त रांगेत उभा राहतो.

आधी पात्रता बघू. फेडरल स्किल्ड वर्कर या कॅनडाच्या कुशल कामगारांच्या योजनेचे १०० पैकी ६७ गुण भाषा, शिक्षण, अनुभव, वय, कॅनडातली नोकरी आणि तिथे रुळण्याची शक्यता या सहा गोष्टींतून येतात. भाषेचे आयईएलटीएस बँड आधी सीएलबी नावाच्या कॅनडाच्या मोजपट्टीवर आणतात. लिसनिंग ७.५ म्हणजे सीएलबी ८, रीडिंग ७ म्हणजे ९, रायटिंग ६.५ म्हणजे ८, स्पीकिंग ७ म्हणजे ९. सीएलबी ८ ला ५ आणि ९ ला ६ गुण, म्हणजे भाषेचे झाले २२. बी.ई.चे २१, ३ वर्षांच्या अनुभवाचे ११, वयाचे १२. बेरीज ६६.

एका गुणाने दार बंद. "होऊन जातील" म्हणणाऱ्याने ही बेरीज कागदावर मांडलेली नाही, हे उघड आहे. हा एक गुण तीन ठिकाणांहून येऊ शकतो. अनुभवाची ४ वर्षं पूर्ण झाली की ११ चे १३ होतात. आयईएलटीएसमध्ये चारही सीएलबी ९ आले तर २२ चे २४ होतात. किंवा कॅनडात राहणारा, तिथला नागरिक वा पीआर असलेला जवळचा नातेवाईक असेल तर ५ मिळतात. यात सख्खा भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी धरतात. चुलत, मावस, आते-मामे भावंडं धरत नाहीत. हे नीट विचारून घ्या, कारण आपल्याकडे मावसभाऊसुद्धा "भाऊ"च असतो आणि फॉर्ममध्ये तसाच भरला जातो.

आता मेरिट. जानेवारी २०१५ पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पीआर उमेदवारांच्या निवडपद्धतीत, सीआरएस १२०० गुणांचा आहे, पण त्यातले ६०० एकट्या प्रांताच्या नॉमिनेशनचे, म्हणजे एखाद्या प्रांताने तुम्हाला निवडल्याचे, असतात. नॉमिनेशन नसलेल्या माणसाची झुंज उरलेल्या ६०० मध्ये चालते, आणि भारतातून अर्ज करणाऱ्याला कॅनडातल्या अनुभवाचे व शिक्षणाचे गुण नसतात म्हणून तेही पूर्ण हाताशी येत नाहीत.

वरच्याच उदाहरणात अनुभव ४ वर्षांचा धरू, म्हणजे पात्रता पार पडली. अविवाहिताला २० ते २९ वयाचे ११०, पदवीचे १२०. भाषेत सीएलबी ८ ला २३ आणि ९ ला ३१, म्हणून २३+३१+२३+३१ असे १०८. इथपर्यंत ३३८. त्यानंतर येतो लोकांना सहसा न दिसणारा रकाना, दोन गोष्टी जोडीने असल्याबद्दलचे गुण. पदवी आणि चारही पेपरांत किमान सीएलबी ७ असेल तर १३. परदेशातला, म्हणजे आपला भारतातला, ३ वर्षांचा किंवा जास्त अनुभव आणि सीएलबी ७ असेल तर २५. एकूण ३७६.

आता याच माणसाने लिसनिंग ७.५ चं ८ आणि रायटिंग ६.५ चं ७ केलं, बाकी काही बदललं नाही. भाषेचे १०८ चे १२४ होतात, ही वाढ १६ ची. पण चारही पेपर सीएलबी ९ वर गेल्यामुळे जोडगुणांतले १३ चे २५ आणि २५ चे ५० होतात. नवी बेरीज ४२९. दोन पेपरांतल्या अर्ध्या-अर्ध्या बँडने ५३ गुण दिले.

हा उंबरठा नीट समजून घ्या. चारपैकी तीन पेपर कितीही चांगले असले आणि एक सीएलबी ८ वर अडकला, तर जोडगुण खालच्याच पायरीवर राहतात. म्हणून आवडत्या पेपरचा बँड ८ वरून ८.५ करण्यात वेळ घालवू नका, सगळ्यात कच्च्या पेपरवर बसा. लिसनिंगला सीएलबी ९ साठी ८ बँड लागतो, बाकी तिन्हींना ७ पुरतो. म्हणजे सगळ्यात सोपा वाटणारा पेपरच बहुतेकांना आडवा येतो. ४० पैकी साधारण ३५ उत्तरं बरोबर आली की लिसनिंगचा ८ मिळतो. जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगमध्ये ७ साठी साधारण ३४ लागतात. तिथले उतारे सोपे असतात, म्हणून गुणांची पट्टी कडक असते.

पीआरसाठी आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगच चालते. मास्टर्सच्या प्रवेशासाठी दिलेली अकॅडमिक इथे धरत नाहीत. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत कॅनडाला पीटीई कोअर लागते, अकॅडमिक नाही. चारही पेपरांचे गुण एकाच परीक्षेतले हवेत. एका तारखेचं लिसनिंग आणि दुसऱ्या तारखेचं रायटिंग असं जोडता येत नाही. निकाल २ वर्षं चालतो, आणि तो फक्त प्रोफाइल भरताना नव्हे तर शेवटचा अर्ज जमा करायच्या दिवशीही जिवंत असावा लागतो.

शिक्षणातही अशीच पायरी आहे. बी.ई. आणि सीएलबी ९ वर ४२९ आले. याच बी.ई.वर एक वर्षाचा वेगळा पदविका अभ्यासक्रम असेल आणि मूल्यमापनात तो स्वतंत्र शिक्षण म्हणून धरला गेला, तर १२० चे १२८ आणि जोडगुणांत २५ चे ५०, एकूण ४६२. एम.टेक. असेल तर ४६९. हे सगळं ईसीए अहवालात, म्हणजे आपल्या पदवीच्या मूल्यमापनाच्या अहवालात, काय लिहून येतं त्यावर अवलंबून असतं. संध्याकाळच्या वर्गाचं प्रत्येक सर्टिफिकेट "पीजी डिप्लोमा" ठरत नाही, त्यामुळे केवळ गुणांसाठी कोर्सची फी भरण्याआधी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का ते बघा. तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांनी अहवाल हातात येईपर्यंत गुण गृहीत धरूच नयेत.

वयाचा हिशोब निर्दय आहे. २९ पर्यंत ११०, तिसाव्या वाढदिवसाला १०५, पुढे दरवर्षी पाच-सहा कमी, ३५ ला ७७, ४० ला ५०, आणि चाळिशीनंतर दरवर्षी ११ ने उतार. पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या रांगेत, प्रोफाइल पडून असेल तरी वाढदिवसाला गुण आपोआप उतरतात. "जरा अजून अनुभव होऊ दे" म्हणून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भारतातल्या अनुभवाला सीआरएसमध्ये ३ वर्षांच्या पुढे एकही जास्तीचा गुण नाही. दहा वर्षांचा अनुभव आणि तीन वर्षांचा, दोन्ही सारखेच, आणि मधली सात वर्षं वयातून वजा होतात.

लग्न झालं असेल तर आणखी एक हिशोब मांडायलाच हवा, आणि तो आपल्या घरांत जवळजवळ कुणी मांडत नाही. समजा नवरा ३४ वर्षांचा, बी.ई., ८ वर्षं अनुभव. बायको २९ वर्षांची, एम.टेक., ३ वर्षं अनुभव. दोघांचंही इंग्रजी सीएलबी ९. नवरा मुख्य अर्जदार झाला तर वयाचे ७५, शिक्षणाचे ११२, भाषेचे ११६, जोडगुण ७५ आणि बायकोच्या शिक्षण-भाषेचे ३०, एकूण ४०८. बायको मुख्य अर्जदार झाली तर १००, १२६, ११६, जोडगुण १०० आणि नवऱ्याचे २८, एकूण ४७०. माणसं तीच, कागद तेच, फरक ६२ गुणांचा. पीआर दोघांनाही सारखाच मिळतो, मुख्य अर्जदाराला काही जास्तीचा हक्क नसतो. तरी "अर्ज तर ह्यांच्याच नावाने" म्हणून ६२ गुण सोडून दिले जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. दोन्ही बाजूंनी बेरीज केल्याशिवाय प्रोफाइल भरू नका, आणि जोडीदारालाही इंग्रजी परीक्षा द्यायला सांगा. तिचे २० गुण आहेत.

मग बोलावणं कितीला येतं? कट-ऑफ आधी जाहीर होत नसतो. सरकार ठरवतं ती बोलावण्यांची संख्या. वरून मोजत गेल्यावर शेवटच्या माणसाचे जे गुण येतात तोच त्या फेरीचा कट-ऑफ. १३ फेब्रुवारी २०२१ च्या फेरीत २७,३३२ जणांना बोलावलं आणि कट-ऑफ ७५ वर आला. तो कॅनडात अनुभव घेतलेल्यांसाठी होता. म्हणून "मागच्या महिन्यात इतका होता" यावरून पुढचा सांगता येत नाही. शेवटच्या आकड्यावर बरेच जण सारखे असले तर ज्याचं प्रोफाइल आधी जमा झालं तो आत. प्रोफाइल पूलमध्ये १२ महिने राहतं. ते काढून टाकून नवं भरलं की जुनी वेळ जाते, त्यामुळे सुधारणा आहे त्याच प्रोफाइलमध्ये करा.

२०२३ पासून वर्गवार फेऱ्याही निघतात: फ्रेंच येणारे, आरोग्यसेवा, कुशल कारागीर, शिक्षण, विज्ञान-तंत्रज्ञान. सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे सावध राहावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाची यादी बदलली, तेव्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डेव्हलपर त्यातून गेले आणि सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल इंजिनिअर नव्या यादीत होते. हिंगणा एमआयडीसीतल्या मेकॅनिकल इंजिनिअरला जी वाट आहे ती मिहानमधल्या डेव्हलपरला असेलच असं नाही. ही यादी बदलत राहते, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीची बघा.

भारतात बसून ४२९ चे काय करायचं? खरे दोनच मोठे मार्ग. एक, प्रांताचं नॉमिनेशन, ६०० गुण. प्रत्येक प्रांताची स्वतःची गुणपत्रिका आणि स्वतःची व्यवसायांची गरज असते. दुसरा, फ्रेंच. चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली की इंग्रजीसोबत ५० जादा गुण आणि दुसऱ्या भाषेचे १२, म्हणजे ४२९ चे ४९१. शिवाय फ्रेंचच्या वेगळ्या फेरीत बसता येतं. मार्च २०२५ मध्ये अशा एका फेरीचा कट-ऑफ ३७९ होता, तर त्याच वर्षी कॅनडात अनुभव असलेल्यांच्या फेऱ्या ५०० च्या वर चालल्या होत्या. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. शून्यापासून सातव्या पातळीला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष रोजचा अभ्यास लागतो. "चार महिन्यांत फ्रेंच" अशा जाहिरातीवर पैसे टाकू नका.

कॅनडातल्या नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. आजही कुणी "ऑफर लेटर आणून देतो, २०० गुण वाढतील" म्हणत लाखोंची रक्कम मागत असेल तर ती फसवणूक आहे. खोटा कागद सापडला तर अर्ज नाकारून वर ५ वर्षांची बंदी येते, आणि ती कागद बनवणाऱ्यावर नव्हे, अर्जदारावर येते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात सल्ला देणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. वकील नसलेल्या सल्लागाराचा क्रमांक कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत तपासता येतो.

आता कागद, कारण गुण असूनही अर्ज पडतात ते इथे. प्रोफाइलमध्ये गुण तुम्ही स्वतः सांगता, ते सिद्ध बोलावणं आल्यावर ६० दिवसांत करायचे असतात. अनुभवाच्या पत्रात हुद्दा आणि तारखा एवढंच असेल तर ते अपुरं आहे. लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि कामांची यादी हवी. अधिकारी हुद्दा बघत नाहीत, कामं तुम्ही निवडलेल्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातल्या क्रमांकाशी) जुळतात का ते बघतात. कोडचं वर्णन जसंच्या तसं उतरवलेलं पत्रही संशय ओढवतं. एचआरने नकार दिला तर वरिष्ठाचं पत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६, पीएफचा उतारा आणि नकाराचं स्पष्टीकरण असं जोडा. बुटीबोरी-हिंगण्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोखीने पगार घेतलेला काळ सिद्ध करणं फार जड जातं. तो काळ गुणांत धरायचा की नाही हे आधीच ठरवा.

नावाचा घोटाळा आपल्याकडचा खास. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी खाली आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईच्या कागदांवर तर तीन तऱ्हा असतात. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आणि एक प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. ईसीएसाठी पदवी प्रमाणपत्र लागतं, शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका पुरत नाही. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं आणि यात आठवडे जातात. एटीकेटीच्या गुणपत्रिका लपवू नका. अहवाल ५ वर्षं चालतो.

पैशांच्या पुराव्यात बँकेच्या पत्रावर ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जं दिसावी लागतात. बेसा-पिपळ्याचा प्लॉट, घरातलं सोनं, मित्राकडून महिन्यासाठी घेतलेले दहा लाख यातलं काहीही चालत नाही. आई-वडिलांनी दिलेली रक्कम चालते, पण ती परत न मागण्याच्या भेटपत्रासह. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच करून घ्यावी लागते, त्यामुळे ६० दिवस पूर्वीपेक्षा अपुरे पडतात. पासपोर्ट सेवेतून मिळणारं पोलीस प्रमाणपत्रही त्याच मुदतीत बसवायचं असतं.

ऑस्ट्रेलियाचा हिशोब वेगळा, पण घाट तोच: ६५ ही पात्रता, बोलावणं त्याच्या वर. याच माणसाचे वयाचे ३०, पदवीचे १५, अविवाहित म्हणून १०. रायटिंग ६.५ असल्यामुळे इंग्रजीचे शून्य, कारण चारही पेपरांत ७ आले तरच १० आणि चारही ८ आले तर २०. अनुभवाचेही शून्य, कारण आयटीचं मूल्यमापन करणारी संस्था साधारण पहिली २ वर्षं शिकाऊ म्हणून कापते आणि गुण ३ वर्षांपासून सुरू होतात. एकूण ५५. चारही ८ केले तर ७५, आणि आयटीसाठी १८९ व्हिसाला (राज्याच्या नॉमिनेशनशिवाय मिळणाऱ्या पीआरला) अलीकडे तेही पुरत नाही. राज्याचं नॉमिनेशन १९० व्हिसाला ५ आणि ४९१ व्हिसाला १५ देतं. मराठी माणसासाठी एक खरोखर हाती येण्याजोगी गोष्ट म्हणजे नाटी या ऑस्ट्रेलियातल्या भाषांतरकारांच्या संस्थेची सीसीएल परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. मराठी-इंग्रजी असे दोन संवाद ऐकून दोन्ही बाजूंनी भाषांतर करायचं, ९० पैकी ६३ आणि प्रत्येक संवादात किमान २९. उत्तीर्ण झालात की ५ गुण. "तारण", "जामीन", "रक्तदाब", "घटस्फोटाचा अर्ज" असे शब्द तोंडात हवेत. घरची मराठी उत्तम असूनही लोक इथेच अडखळतात.

न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून ६ गुण झाले की झाले, मेरिट लिस्ट नाही, पण तिथल्या मालकाची नोकरी हवी. ब्रिटनचे ७० गुण हे नोकरीच्या व्हिसाचे आहेत. जर्मनीच्या संधी-कार्डाचे ६ गुण नोकरी शोधण्यासाठी राहण्याचे. ब्रिटन आणि जर्मनीचे हे दोन्ही पीआर नाहीत, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

या प्रश्नापुरतं सांगायचं तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज याच आठवड्यात टाका, कारण तो तुमच्या हातात नसलेला वेळ खातो. त्याच काळात लिसनिंग आणि रायटिंगवर दोन महिने बसून जनरल ट्रेनिंगची नवी तारीख घ्या. सीएलबी ९ आले की पात्रतेचे ६८ होतात, ४ वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायची गरज उरत नाही. ४२९ वर प्रोफाइल तिसाव्या वाढदिवसाआधी पूलमध्ये टाका, आणि त्याच दिवसापासून फ्रेंचचा वर्ग धरा.